लांबलेला नमस्कार

माझ्या मेहुणीच्या मुलीइतका सावकाश नमस्कार करणारं दुसरं माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात सापडणार नाही. हल्लीची मुलं आपल्या गुडघ्याजवळची हवा चाचपून सरळ होतात. ही मात्र एकदा खाली वाकली की वर यायचं नाव घेत नाही. आपण "औक्षवंत हो", "सुखी राहा" करत आशीर्वादांचा सगळा साठा संपवावा, तरी हिचा अंगठा आपल्या घोट्यावर रोवलेलाच. माधवगंजातल्या आज्या या संस्कारांवर बेहद्द खूश होत्या. एवढ्या एका नमस्कारावर हरिशंकरपुरमहून तिला स्थळ सांगून आलं. मुलाच्या आईच्या पाया पडून उठताना तिने त्यांना लोणचं जरा कमी खायला सांगितलं, आणि ते स्थळ आल्या पावली परत गेलं.

ती खाली एवढा वेळ काय शोधते, याचं मला फार कुतूहल होतं. एकदा विचारलंच. ती किडनीच्या रोगांवर संशोधन करते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. किडनी बिघडली की पायांवर सूज येऊ शकते, बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि तो लवकर भरत नाही, हे तिने सांगितलं. खळगा भरतो की नाही हे बघत ती थांबलेली असायची. संशोधन हे काम आहे, हे मात्र घरात कुणाला पटत नसे. "एवढी मोठी झाली, अजून शिकतेच आहे," असं तिची आईच हताशपणे सांगायची.

गेल्या वर्षी तिला तरुण संशोधकांसाठीचा एक मानाचा पुरस्कार मिळाला आणि परगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत कामही. आमच्या मंडळाने सत्कार ठरवला. फलकावर तिला "किडनीची डॉक्टर" करून टाकलं होतं. निदान आज तरी हिने चार लोकांसारखा नमस्कार करावा आणि आईला आपल्या लेकीचं मोल कळावं, असं मला मनापासून वाटत होतं.

शाल-श्रीफळ घेऊन ती अध्यक्षांच्या पाया पडली आणि तिथेच राहिली. टाळ्या थांबल्या, पुन्हा वाजल्या, पुन्हा थांबल्या. शेवटी उठली ती माईक समोर आहे हे विसरूनच. "आजोबा, किडनीच असेल असं नाही, पण उद्याच जांच करवून घ्या. लापरवाही बिल्कुल नको."

अध्यक्षांचा चेहरा पडला. सभागृहात कुजबुज सुरू झाली. तेव्हा तिने माईक जवळ ओढला.

"माझ्या बाबांचे पाय सुजले, तेव्हा आम्ही त्यांना एक नंबर मोठ्या चपला आणून दिल्या. घरात कुणाला समजलंच नाही. आधी कसं समजेल, तेवढंच मी शोधतेय."

पहिल्या रांगेत तिच्या आईने डोळ्यांना पदर लावला. माझेही डोळे भरून आले.

अध्यक्षांचं दुखणं किडनीचंच निघालं, पण वेळेत कळलं. आता ते लोणच्याकडे लांबूनच बघतात. मुलगी काय करते असं कुणी विचारलं, तर मेहुणी आता "शोधते आहे" म्हणून सांगते.

ती परगावी कामाला गेल्यापासून कुणी पाया पडायला आलं की मी मुद्दाम पाय पुढे करून उभा राहतो. सगळे फार लवकर उठतात.