जावयाने बदललेलं ऑइल

"गाडी चालू करू नका ताई. कोणी काहीही सांगितलं तरी किल्लीले हात लावू नका."

"मी कायले लावू? किल्ली कवाचीच पर्समध्ये टाकली. लोकंच मांगून राहिले."

फोनवर पुष्पाताई होत्या. उमरेडहून नागपूरला येताना पाचगावजवळ त्यांच्या गाडीचा लाल लाइट लागला आणि त्यांनी तिथेच इंजिन बंद केलं. भर उन्हात, सावलीचं एक झाड नाही अशा ठिकाणी. मी टोइंगची गाडी पाठवली आणि वाट बघत बसलो.

मी नागपुरातल्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस मॅनेजर आहे. पुष्पाताई आमच्या जुन्या कस्टमर. उमरेडच्या विणकरांकडून साड्या गोळा करायच्या आणि इतवारीतल्या दुकानांना पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. गाडी कार्बोरेटरच्या जमान्यातली. मागची सीट काढून तिथे साड्यांचे गठ्ठे ठेवतात. स्वतःच चालवतात. या इंजिनाचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत, त्यामुळे आतलं बेअरिंग गेलं की गाडी सरळ भंगारात. त्यात अधिक महिना संपत आला होता. तो संपला की लग्नाचे मुहूर्त सुरू होतात, आणि त्याआधी माल दुकानात पोचला नाही तर दुकानदार दुसरीकडून घेतो. दरवेळी टेम्पो करायचा म्हटलं तर ताईंच्या हातात काही उरत नाही.

हा लाल लाइट भल्याभल्यांना फसवतो. ऑइल कमी झालं की तो लागतो, असं बहुतेकांना वाटतं. खरं म्हणजे तो ऑइलचं प्रेशर सांगतो. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ती परात म्हणजे सम्प. तिथून पंप ऑइल ओढतो आणि फिरणाऱ्या पार्टपर्यंत दाबाने पोचवतो. सम्प भरलेला असला आणि ऑइल वर पोचतच नसलं, तर लोखंडावर लोखंड घासतं. मग सगळा खेळ काही मिनिटांचा.

पाचगावलाही लोक असेच फसले. एका जीपवाल्याने थांबून बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढून पाहिली आणि म्हणाला, "काकू, तेल तर फुल्ल हाये. चाला हळूहळू, नागपूर आलंच." आणखी दोघांनी त्याची री ओढली. एकाने तर "बायकांले गाडीतलं काय समजते" हेही सुनावलं. ताईंनी त्याला पाणी विचारलं, पण किल्ली दिली नाही. टोइंगच्या ड्रायव्हरने मला हे सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात त्या बाईंना हात जोडले. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत लाल लाइट लागल्यावर तिथल्या तिथे थांबणारे कस्टमर मी फार थोडे पाहिलेत. बाकीचे सगळे हळूहळू येतात आणि इंजिन खोलून घेतात.

गाडी आली. मी डिपस्टिक काढली. ऑइल फुल्ल, अगदी नवं, आणि पाण्यासारखं पातळ.

"ताई, हे आपलं ऑइल नाही. कोणी बदललं?"

"बदललं एकानं."

"कोणत्या गॅरेजवाल्यानं? नाव सांगा, त्याचा सत्कार करू."

ताईंनी पदराने तोंड पुसलं. "गॅरेजवाला नाही गा. जवायानं."

मग सगळं बाहेर आलं. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण असतं. जावई निखिल मिहानमध्ये आयटी कंपनीत आहे. अनारसे खाऊन, मान घेऊन झाल्यावर तो म्हणाला, "आई, तुम्ही एवढं केलं, आता तुमच्या गाडीची सर्व्हिसिंग मी करणार." आणि अंगणात गाडीखाली शिरला. पोरगं गुणी, काम नीट शिकून केलेलं. इंजिन गरम असताना ऑइल काढलं, फिल्टर बदलला, ऑइल सोडायच्या तळच्या ड्रेन नटचा वायसरसुद्धा नवा टाकला. फक्त दोन गोष्टी जास्तीच्या केल्या. आधी इंजिन फ्लश नावाची बाटली ओतून इंजिन आतून धुतलं. मग सगळ्यात महागडं फुल सिंथेटिक ऑइल भरलं, झिरो डब्ल्यू ट्वेंटी.

यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो, नंतरचा गरम इंजिनात किती घट्ट राहतं ते. आकडा लहान तेवढं ऑइल पातळ. नव्या इंजिनात पार्टमधल्या फटी केसाएवढ्याही नसतात, त्यांना पातळ ऑइलच लागतं. जुन्या इंजिनात त्या फटी झिजून वाढलेल्या असतात, तिथून पातळ ऑइल निसटतं आणि प्रेशर पडतं. म्हणून ताईंच्या गाडीत आम्ही साधं मिनरल ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी टाकतो. आणि नागपूरच्या मे महिन्यात विंटरचा आकडा बघायचा कोणी?

"दुसऱ्याच दिवशी अंगनात तेलाचा डाग पडला," ताई म्हणाल्या. "इंजिन बी टकटक करून राहिलं होतं. मले समजलं, तेल पातळ हाये."

"मग तवाच काहून नाही आणली गाडी?"

"कशी आनू? धोंड्याचं जेवून त्यानं सोताच्या हातानं टाकलं, अन मी दुसऱ्या दिवशी काढून फेकू? पोरगी काय म्हनन? तुमी बी त्याले काही सांगू नका. गाडी जुनी झाली म्हना."

मी हो म्हटलं. कस्टमरचं ऐकणं हे आमचं कामच आहे.

सम्प खाली उतरवला. पंपाच्या तोंडाशी ऑइल गाळणारी जाळी असते, ती काळ्या चिकट गाळाने बुजली होती. इतकी वर्षं इंजिनाच्या भिंतींना धरून बसलेला गाळ फ्लशने सोडवला आणि तो नेमका इथे येऊन अडकला. आता प्रश्न बेअरिंगचा होता. मेकॅनिक अशोकने बेअरिंगवरची एक कॅप खोलली, बेअरिंग पुसून माझ्या हातात दिलं. मी त्यावरून नख फिरवलं. घासलेलं बेअरिंग नखाला लागतं. हे लागलं नाही. आम्ही उरलेलीही पाहिली, सगळी शाबूत होती. मला इतका आनंद झाला की मी अशोकला आणि ताईंना समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

चहा यायच्या आत निखिल आला. बायकोकडून कळल्यावर ऑफिसातून तसाच निघाला होता, गळ्यात आयकार्ड, हातात ऑइलचा डबा.

"सर, आता नवीन ऑइल टाकालच ना? मग हेच टाका. एवढं उरलंय, कमी पडलं तर मी आणतो."

ठरल्याप्रमाणे मी गाडीच्या वयावर बोलायला तोंड उघडलं. ताईंनी हाताने मला थांबवलं.

"नाही निखिलराव. हे तेल आता या गाडीत टाकायचं नाही. गाडी यानंच बंद पडली."

निखिलने हातातला डबा खाली ठेवला.

"तुमचं तेल चांगलंच हाये," ताई म्हणाल्या. "माह्या गाडीले ते चालत नाही, इतकंच. मले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं, अन मी तोंड दाबून बसली. इंजिन जातच होतं."

निखिलचे कान लाल झाले. "आई, मग त्याच दिवशी फोन का नाही केला?"

"जवायाले कसा करू?"

निखिल गाडीजवळ गेला. खाली बसला, ती बुजलेली जाळी उचलून उजेडात धरली आणि मला विचारलं, "हे फ्लशने झालं?" मी समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, आयटीवाल्यांच्या सवयीने मध्ये गुगलही केलं नाही. मग म्हणाला, "कोणतं ऑइल टाकायचं ते आईंनाच विचारत जाईन. पण टाकणार मीच."

या सासू-जावयाचं मला फार कौतुक वाटलं. एकीने मान बाजूला ठेवून बोलायचं आणि दुसऱ्याने ते मनाला लावून घ्यायचं नाही, हे आमच्याकडे रोज दिसत नाही.

जाळी धुतली, सम्प नव्या गॅस्केटने बसवला, ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी भरलं. प्रेशर गेज लावून इंजिन चालू केलं. काटा वर जाऊन थांबला, लाल लाइट विझला. मुहूर्ताच्या आधी माल इतवारीत पोचला. उरलेलं सिंथेटिक निखिलने स्वतःच्या नव्या गाडीसाठी ठेवलं, तिथे ते शोभतं.

आत अजून थोडा गाळ असणार म्हणून मी ते ऑइल लवकरच परत बदलायला सांगितलं होतं. एका रविवारी ताईंचा फोन आला.

"जवाई गाडीखाली हायेत. खालचा नट लय कसून राहिले. सांगू का?"

"सांगा."

फोन तोंडापासून न हलवताच त्या ओरडल्या, "निखिलराव, बस झालं. आटे जातीन."

ड्रेन नट जास्त कसला की सम्पचे आटे जातात, आणि त्या गाडीचा सम्प आता बाजारात मिळत नाही. वेळेवर बोललेलं बरं.