फणसाचा जामीन

जेवण झालं की मी स्वयंपाकघरातच लादीवर आडवी होते. शेजारच्या काकू रोज म्हणतात, "सरूताई, गॅलरीत एखादी कुंडी तरी ठेवा, मन रमतं." मी म्हणते, माझं मन आहे तिथे बरं आहे. आजही तेच झालं, म्हणून चिडूनच डोळे मिटते. लादी गार असते. मग ती ओली लागते. मग तिला मातीचा वास येतो, आणि कळतं की मी देवरुखच्या आमच्या परसात, पडवळाच्या मांडवाखाली निजले आहे.

अप्पा, माझे वडील, एका कोवळ्या पडवळाच्या टोकाला दोऱ्यानं दगड बांधतायत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक असावं, पण विषय कोणीच काढत नाही.

"ऊठ गो सरू. धर हा दोरा."

"एवढासा दगड?"

"त्याला झेपेल एवढाच. जड झाला तर देठ तुटेल. नाही बांधला तर वाकडं वाढेल."

मी दोरा धरते. माझे हात लहान आहेत, नखांत माती आहे. खरं सांगते, इतकी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही. लाल माठाची पहिली जुडी मी काढायची, अबोलीला पाणी मीच घालायचं. कारल्याचा वेल ओढून मांडवावर चढवायला गेले तर अप्पा हात धरायचे. "काठी जवळ ठेव, पुरे. त्याचं तो शोधतो." जे काही शहाणपण माझ्यापाशी आहे ते या मातीत मिळालेलं. म्हणून तर जास्त राग येतो.

"फणस यंदाही धरला नाही," अप्पा म्हणतात आणि कोयता घेऊन उठतात.

पुढचं मला पाठ आहे. न फळणाऱ्या झाडाला आमच्याकडे धाक घालतात. एकानं कोयता उगारायचा, दुसऱ्यानं मध्ये पडायचं. अप्पा बुंध्यावर कोयत्याची उलटी बाजू आपटतात.

"फळत नाहीस? मग उभा कशाला आहेस? तोडतोच तुला!"

मी धावत जाऊन झाडाला मिठी मारते. "नको अप्पा! पुढच्या वर्षी धरेल. मी जामीन!"

ते मिशीत हसतात. "बरं. तुझ्या शब्दावर सोडतो."

आणि त्याच्या पुढल्या वर्षी तो खरंच धरला होता, अगदी मुळापर्यंत. फणस माझं ऐकतो, असं मी शाळाभर सांगत फिरले होते.

मिठी सोडते तर बुंधा बारीक झालेला, तासलेला. सासरच्या पडवीचा खांब आहे तो. माझ्या हातात बांगड्या आहेत. अप्पा सतरंजीवर बसलेत, कोयता मांडीवर आडवा. समोर माझे सासरे.

"आम्ही पुष्कळ वाट पाहिली," सासरे म्हणतात. "मूल काही होत नाही. आमच्या मुलानं जन्मभर असंच राहायचं का? तुमची मुलगी घेऊन जा."

हे असंच झालं होतं, शब्दन् शब्द. डॉक्टरकडे नेलं होतं ते फक्त मला. त्यांच्या मुलाला कोण नेणार? अप्पा बशीत चहा ओततात, फुंकर घालून पितात. मग माझ्याकडे बघतात, नुसतेच बघतात. मग म्हणतात, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. चल गो, गाडी चुकेल."

गाडी सुटलेलीच असते. पायांशी माझी ट्रंक, शेजारी अप्पा, आणि एसटीच्या खिडकीबाहेर आमचंच परस मागे पळतंय. त्या दिवशी मी तोंड उघडलं नव्हतं. आज उघडते.

"तेव्हा का नाही बोललात?"

"काय बोलायचं होतं?"

"नको म्हणायचं. पुढच्या वर्षी होईल म्हणायचं. फणसासाठी मला म्हणायला लावत होतात ना?"

ते कोयत्याची मूठ चाचपत बसतात. "ते काम तुझं गो. माझं काम कोयता धरायचं. मी बघत होतो तुझ्याकडे. वाटलं, आता म्हणशील."

"स्वतःसाठी झाड बोलतं का, अप्पा?"

"त्यांनी ऐकलं नसतं."

"नसतं ऐकलं त्यांनी. मला ऐकू आलं असतं."

गाडी नाही आता. आम्ही दोघं फणसाखाली उभे आहोत. त्यांच्या हातातला कोयता मी काढून घेते. "आज मी धरते. तुम्ही म्हणा."

कोयता उगारते आणि थांबते. एकदाच म्हणावं त्यांनी, एवढंच मला हवं आहे. बाकी सगळं मी सोडून द्यायला तयार आहे. अप्पांचे ओठ हलतात. मी कान देते.

"जपून गो," ते म्हणतात. "हाताला लागेल."

मी घाव घालते. उलट्या बाजूनं नाही, धारेनं.

पंखा घरघरतोय. लादी कोरडी आहे. दाढा इतक्या आवळलेल्या की दुखतायत. उजवी मूठ मिटलेली आहे आणि बोटांच्या फटींतून पांढरा चीक आला आहे, कडेनं काळा पडत चाललेला. त्याला कच्च्या फणसाचा वास आहे. आमच्या बिल्डिंगच्या आसपास फणसाचं झाड नाही.

नळाखाली हात धरते, साबण लावते. काही होत नाही. हा चीक खोबरेलाशिवाय सुटत नाही. फळीवरची बाटली डाव्या हातानं काढते. झाकण फिरवायला दुसरा हात लागतो, आणि तो उघडत नाही.