कोंडिबामामांची दोरी

गेल्या उन्हाळ्यात काही दिवस मी हातात रिकामी दोरी घेऊन सकाळी सकाळी वाटूरच्या रस्त्यानं फिरत होतो. दोरीच्या टोकाला कुत्रं नव्हतं, शेळी नव्हती, काहीच नव्हतं. फाट्यावरचे लोक पहिल्या दिवशी नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी चहावाल्यानं विचारलं, "साहेब, जनावर सुटलं का?" मी म्हणालो, "अजून बांधलंच नाही." हा उद्योग कोंडिबामामांनी माझ्या मागं लावला होता. कुत्रं मागायला आलेल्या प्रत्येकाच्या मागं ते तो लावत.

मामांचं शेत वाटूरपासून तीन किलोमीटरवर. घराण्याचा धंदा मेंढरांचा. आता चाळीसेक मेंढरं, थोडं सोयाबीन आणि मेंढवाड्याच्या बाजूला पत्र्याखाली बांधलेली मोठमोठी कुत्री. त्यातलं एकच मामांचं स्वतःचं, बाकीची लोकांनी आणून सोडलेली. जालन्यातली, परतूरची हौशी माणसं मोबाईलवर बघून पिल्लू आणतात. वर्षभरात ते वासराएवढं होतं, सोफा फाडतं, पाहुण्यांच्या अंगावर जातं. मग हीच माणसं गाडी घेऊन मामांकडे येत आणि "शेतावर मोकळं राहील बिचारं" असं म्हणून सोडून जात. मामा त्या कुत्र्यांना वळण लावत आणि योग्य घर मिळालं तर देऊन टाकत. योग्य घर फार क्वचित मिळे.

मला कुत्रं हवं होतं ते गार्गीसाठी. माझी मुलगी आठ वर्षांची, दोन वर्षं हट्ट धरून बसलेली. शिवाय आमचं घर वाटूरला, वस्तीच्या कडेला. मी जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत, बायको परतूरला दवाखान्यात नर्स. दिवसभर घरात आई एकटी, खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर धरून चालणारी. राखणीला एखादं दांडगं कुत्रं असावं असं माझ्या मनानं घेतलं. मी रीतसर तक्ता केला. वर लॅब्रॅडॉर, अल्सेशियन, डॉबरमन, कारवान अशा जाती, खाली त्यांचे गुण-अवगुण, चक्क रंगीत पेनानं. तो घेऊन मामांकडे गेलो.

मामांनी तक्ता उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. "ह्यात तुमच्या घरचं काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "घरचं कशाला? ही कुत्र्यांची माहिती आहे."

"मंग मला घरचं सांगा. सकाळी पहिलं कोण उठतं? दुपारी घरात कोण असतं? म्हातारी पडली तर उचलायला कोण हाये?"

मामांची पद्धतच तशी होती. माणूस कुत्र्याबद्दल विचारायला येई आणि स्वतःबद्दल सांगून जाई. माझं सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी पत्र्याखालच्या एकेका कुत्र्याकडे बोट दाखवलं. "हे लॅब्रॅडॉर. गरीब हाये, पण लाडात येऊन अंगावर उडतंय. आजींना जीव लावता लावता पाडंल. हे डोबरमन, ह्याला एकच माणूस लागतो, दुसऱ्याला जुमानत न्हाई. हे कारवान माझं, ह्याला पळायला रान लागतं, तुमच्या कंपाउंडात कोंडून मरंल." मग ते एका काळ्या-तांबड्या अल्सेशियनपाशी थांबले. "हा रॉकी. समजदार हाये. पोरीला संभाळंल, आजींनाबी संभाळंल. पण ही मेंढरं वळायची जात हाये, साहेब. ह्याला रोज सकाळी बराबर तासभर चालवावं लागतंय. न्हाई चालवलं तर घरातच काम काढंल. मेंढरं नसली तर जे असंल ते वळंल."

एवढं बोलून त्यांनी खुंटीवरची एक नवी दोरी काढून माझ्या हातात ठेवली. अंबाडीची, त्यांनी स्वतः वळलेली. नव्या दोरीची कुसं तळहाताला टोचत होती. "एक महिना ही घेऊन रोज चाला. कुत्रं असलं की कोणीबी चार दिवस चालतंय. ते नसताना चालता का, ते बघायचंय मला. महिन्यानं दोरी दाखवायला या."

दोरी बघायची म्हणजे काय, ते मी तिथंच पाहिलं. जाफराबादचे एक कापड दुकानदार आपली दोरी घेऊन आले होते. मामांनी ती घेतली, डोळे मिटून अंगठा फिरवला. हाताच्या घामानं रोजच्या वापरातली दोरी काळपट होते, मऊ पडते. "आठ दिवस फिरली," मामा म्हणाले. "बाकी खुंटीलाच होती." दुकानदार मान खाली घालून निघून गेले. मला हसू आलं होतं, हे आता सांगायला बरं वाटत नाही.

मी अकरा दिवस चाललो. मग आमचा हंगाम सुरू झाला. विक्रेत्यांच्या बैठका, गावोगावचे दौरे, घरी यायला उशीर. सकाळी डोळा उघडेना. दोरी दारामागच्या खिळ्याला गेली आणि तिथंच राहिली. शाळेला सुट्टी होती, गार्गी रोज माझ्या आधी उठायची आणि मला झोपलेला बघायची.

महिना झाल्यावर आम्ही दोघं मामांकडे गेलो. दोरी मी मुद्दामच घरी ठेवली.

"झाला का महिना?" मामांनी विचारलं.

"झाला," मी म्हणालो.

गार्गीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी रॉकीकडे बघत राहिलो. मामांचा हात जरासा पुढं आला, मग खांद्यावरच्या टॉवेलकडे गेला आणि त्यांनी तोंड पुसलं. "बरं," ते म्हणाले आणि रॉकीची साखळी सोडून माझ्या हातात दिली.

चार दिवस मी रॉकीला फिरवलं. पाचव्या दिवशी गाडी लवकर काढावी लागली, सहाव्या दिवशीही. रॉकी अंगणात बांधलेला राहू लागला. संध्याकाळी सोडला की तो गार्गीभोवती गोल गोल फिरायचा आणि तिला कोपऱ्यात नेऊन उभी करायचा. तिची मैत्रीण खेळायला आली तर तिला फाटकाबाहेर जाऊ देईना. आम्ही हसलो. मी त्याचा व्हिडिओ काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकला, "आमचा नवा वॉचमन" असं लिहून. मामांनी सांगितलेलं एक अक्षरही मला आठवलं नाही.

मग एका दुपारी अडीचच्या सुमारास मी फाट्यावरच्या एका कृषी केंद्रात होतो. गार्गीचा फोन आला. आवाज अगदी हळू. "बाबा, रॉकी आजीला घरात येऊ देत नाहीये."

वाटेतच मामांना फोन केला. घरी पोचलो तर साखळीचा हूक निखळून पडला होता. आई धुण्याच्या दगडापाशी पेरूच्या झाडाची फांदी धरून उभी होती. वॉकर दोन पावलांवर आडवा. तिच्यासमोर रॉकी, मान खाली, नजर तिच्या पायांवर खिळलेली. तिनं घराकडे पाऊल उचललं की तो आडवा सरकायचा आणि टाचेजवळ दात वाजवायचा. लुगड्याचा काठ फाटला होता. अजून चावला नव्हता.

"रॉकी, इकडे ये," मी म्हणालो. त्याचा कानसुद्धा हलला नाही. मी त्याचा कोणीच नव्हतो. मी एक पाऊल टाकलं तर तो आईच्या आणखी जवळ सरकला. मी थांबलो.

शेजारचे काका लोखंडी पाईप घेऊन भिंतीवर चढले होते. "मारू का?" त्यांनी विचारलं. पाईप बसला असता तर कुत्रं उसळलं असतं, आई पडली असती, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत. मी हातानं नको म्हटलं. गार्गी दारात उभी होती, ओठ घट्ट मिटून.

"पाय लटपटतोय रे," आई म्हणाली.

अशी दहा-बारा मिनिटं गेली असतील. उन्हात आईचा चेहरा पांढरा पडत चालला होता आणि मी चार हातांवर उभा राहून काही करू शकत नव्हतो. इतका निरुपयोगी मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

मामा सुनेच्या, शोभाच्या, स्कूटीवर आले. आत आले ते कोणाकडे न बघता. "पाईप खाली ठिवा. सगळे खाली बसा. आजी, तुमी फांदी सोडू नका." आवाज रोजच्यासारखा. मग मला म्हणाले, "दोरी आणा."

मी दारामागच्या खिळ्यावरची दोरी काढून आणली. मामांनी ती हातात घेतली आणि सवयीनं अंगठा फिरला. क्षणभरच. कुसं तशीच होती. मी खाली बघितलं.

मामांनी कुत्र्याकडे पाठ केली आणि दोरीचं टोक जमिनीवर फरफटत कंपाउंडच्या कडेकडेनं चालायला लागले. तोंडानं मेंढरं हाकताना काढतात तसा आवाज, कुठंतरी कामाला निघाल्यासारखी चाल. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला रॉकीचा कान वळला. तिसऱ्या फेरीला त्यानं आईकडे बघितलं, मामांकडे बघितलं, पुन्हा आईकडे. मामा थांबले नाहीत, वळले नाहीत. ते फाटकाकडे निघाले तसा रॉकी आईला सोडून धावला आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याला लागून चालू लागला. दोघं फाटकाबाहेर गेले. तिथं मामांनी त्या दोरीचा फास त्याच्या गळ्यात अडकवून त्याला फाटकाला बांधलं.

मी धरेपर्यंत आई खाली बसली होती. मनगट सुजलं, खुबा वाचला. तिला आत नेऊन निजवलं तेव्हा गार्गीला रडू फुटलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "बाबा झोपलेले असायचे. मी मामांना सांगितलं असतं तर रॉकी मिळाला नसता." मामा दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. खोटं मी बोललो होतो, आणि त्याचं ओझं इतके दिवस तिनं वाहिलं होतं.

मामा पायरीवर बसून पाणी प्यायले. मी म्हणालो, "मामा, माझी चूक झाली. मी खोटं बोललो."

"खोटं बोलले ते तुमचं तुमी बघा," मामा म्हणाले. "चूक माझी हाये. मी सगळ्यांची दोरी बघतो. तुमचीबी बघायला हात पुढं केल्ता. मंग वाटलं, एवढा शिकलेला माणूस, साहेब माणूस, त्याची काय दोरी बघायची. लाज वाटली मला. त्या लाजेपायी आज आजी गेल्या असत्या." ते उठले, रॉकीच्या गळ्यातली दोरी सोडवून माझ्या हातात ठेवली आणि त्याला साखळीनं धरून चालत निघाले. स्कूटीवर बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरी घेऊन निघालो. गार्गीही आली. आम्ही मामांच्या शेतापर्यंत गेलो, लांबून रॉकीला बघितलं, परत आलो. मग रोजच जाऊ लागलो. हंगाम होताच, पण दीड तास आधी उठलं की जमतं, हे मला तेव्हा कळलं. मामा आम्हाला ये म्हणत नसत, जा म्हणत नसत. मेंढवाडा झाडता झाडता एकदा बघत आणि कामाला लागत. पोळ्याच्या आसपास एका सकाळी त्यांनी हात पुढं केला. मी दोरी ठेवली. त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला, टोकापासून टोकापर्यंत.

"आता बोचत न्हाई," ते म्हणाले आणि रॉकीला सोडलं. "रोज इथून फिरवून आणा. घरी न्यायचं न्हाई. आजी हायेत तवर तुमच्या घरात मोठं कुत्रं न्हाई, कोणत्याच जातीचं." माझ्या रंगीत तक्त्याचा निकाल असा लागला. मला तो मान्य होता. गार्गीलाही.

माघात मामा गेले. सकाळी मेंढरं सोडताना छातीत कळ आली आणि तिथंच बसले. तेराव्यानंतर शोभानं मला बोलावून मामांनी वळून ठेवलेल्या नव्या दोऱ्यांचा जुडगा दाखवला. "कुत्री मी संभाळून राह्यले," ती म्हणाली. "गावच्या लोकांची दोरी मी बघंन. पण मामा सांगून गेल्ते, साहेब लोकांची त्या साहेबालाच बघू द्या."

त्या वेळी मी हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, ते परवाच्या रविवारी कळलं. आमच्या कंपनीचे मोठे साहेब महिन्यापूर्वी माझ्याच हातून दोरी घेऊन गेले होते. त्यांच्या घरी दोन लहान मुली आणि त्यांना डॉबरमन हवा. माझी बदली विदर्भात करायची की नाही, हे सध्या त्यांच्या टेबलावर आहे. मामांच्या शेतावर ते गाडीतून उतरले, गॉगल काढला, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"झाला बुवा महिना एकदाचा," ते हसत म्हणाले. "सोडा आता तुमचा वाघ."

त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. माझा हात जरासा पुढं गेला आणि तसाच थांबला. रुमाल खिशातच होता, तोंड पुसता आलं असतं. गार्गी शेजारी रॉकीला धरून उभी होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी हात पूर्ण पुढं केला. म्हणालो, "साहेब, दोरी दाखवा."