कलिंगडाचं पोट

पेणच्या स्कॅन सेंटरातला तो टेक्निशियन माणसांशी आणि कलिंगडाशी एकाच सुरात बोलतो. मूतखड्यापायी रोह्याहून माझ्या तिथे सारख्या फेऱ्या, म्हणून मला ठाऊक. त्याचं मशीन दोन वेगळ्या ताकदींच्या एक्स-रेने फोटो काढतं आणि खडा कशाचा ते रंगाने सांगतं. लाल असला तर गोळ्यांनी विरघळतो, निळा असला तर ऑपरेशन. पण जाड पोटात ते कधीकधी चुकतं. म्हणून हा पेशंटांचे पडलेले, लॅबमधून तपासून आलेले खडे मागून घेतो, भल्यामोठ्या कलिंगडात खुपसतो आणि रंग बरोबर येईपर्यंत मशीनशी झगडत बसतो.

परवा माझ्याआधी कलिंगडच झोपलं होतं, पट्टा बांधून. "श्वास रोखून धरा. हलायचं नाय," तो त्याला म्हणाला. मग ते उतरलं, मी चढले. माझं पोटही काही त्याच्याहून लहान नाही.

स्कॅन झाला तसा तो काचेमागून नाचतच आला. "लाल हाय, ताई! लालभडक! ऑपरेशन नाय!"

मी टेबलावरून उडीच मारली. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. आणि मधेच त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुमचा खडा विरघळणार. मला काय मिळणार नाय."

मी चक्क त्याची माफी मागितली.