तोरणाखालून पहिली जोडी

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायला सून लोणी-हळद गरम करते ना, त्या वासानं मला अजून दत्तूकाकाचं फुटलेलं डोकं दिसतं.

दर्यापूरकडचं माझं माहेर. वेशीवरच्या तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार, एवढाच वाद. दोन्हीकडे एकाच पणज्याची माणसं, पण तिकडे अख्खी गल्ली आणि आमचे बाबा नि काका, दोघंच. काकानं बैल पुढे घातले.

"दत्त्या, मांगं घे बैलं," तिकडचा एक चुलता ओरडला.

"काहून? तोरण तुया बापाचं हाय?"

मग काठ्याच काठ्या. बाबांचा हात मोडला, तो आवाज मला ऐकू आला बघा. काका पडला, तरी मारतच होते.

आईनं कालची उरलेली लोणी-हळद त्याच्या डोक्यात दाबून भरली. ती लाल होत गेली.

"वहिनी, आपली जोडी गेली का पयले?"

बैल तर बिथरून उलटे शेतात पळाले होते.

"गेली, भाऊजी."

काका हसला, आणि तसाच गेला.

गेल्या पोळ्याला माहेरी होते. आता सगळीकडे ट्रॅक्टर. तोरणाशी दोनच जोड्या उभ्या, एक त्या चुलत्याच्या नातवाची, एक माझ्या भाच्याची.

"तू जाय आधी."

"नाई बावा, तूच जाय."