किरुना ते रोव्हानिएमी, पन्नास मिनिटं

“जवळ म्हणजे किती, हे घरात बसलेला माणूस ठरवतो; जायचं मला असतं,” सुमेधा एकदा म्हणाली होती.

पुण्यातली प्रयोगशाळेतली नोकरी सोडून ती नवऱ्यामागे नेदरलँड्समधल्या एनस्खेडेला आली. जयेश विद्यापीठात संशोधक. पहिली काही वर्षं ती कागदोपत्री फक्त त्याची बायको होती. मग नायमेखनला, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कंपनीत, तिला काम मिळालं. घर तिकडे हलवू या, असं ती म्हणाली तेव्हा जयेशनं सांगितलं, “जवळच तर आहे.” जवळ म्हणजे पहाटेची ट्रेन, मध्येच बदलायची दुसरी ट्रेन आणि पुढे तोंडावर वारा घेत सायकल. ती जात राहिली. त्या कंपनीत तिला कुणाची कोण, असं कुणी विचारत नसे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी शिरीष आणि कीर्ती, जयेशचे जुने मित्र, जेवायला आले. त्यांच्यासमोर जयेशनं जाहीर केलं की त्याला स्वीडनच्या उत्तर टोकाला, किरुनाला, नोकरी लागली आहे. सुमेधालाही फिनलंडमध्ये रोव्हानिएमीला जागा मिळत होती. त्याच्या हट्टापायी तिनं मुलाखत दिली होती. होकार दिला नव्हता.

“दोघं दोन देशांत?” कीर्तीनं विचारलं.

“नावाला. विमानानं पन्नास मिनिटं.” जयेशनं फोन पुढे केला. एका वेबसाइटवर दोन विमानतळांमध्ये निळी रेघ होती आणि खाली वेळ.

“म्हणजे नायमेखनपेक्षा जवळ!” शिरीष वडा दह्यात बुडवत म्हणाला. “वहिनी, तुमची चैन आहे.”

“कुठलं विमान?” सुमेधानं विचारलं.

“म्हणजे?”

“या रेघेवरून कुठलं विमान जातं? तिकीट काढून दाखव.”

जयेशनं शोधलं. विमान नव्हतंच. वेबसाइटनं सरळ अंतर मोजून त्याला विमानाच्या वेगानं भागलं होतं, इतकंच. खरं जायचं तर दक्षिणेला स्टॉकहोम, तिथून हेलसिंकी, तिथून परत वर. अख्खा दिवस.

“मग गाडीनं. दर शुक्रवारी,” तो म्हणाला.

“कोण येणार?”

“तू ये ना. शनिवारी माझे प्रयोग असतील.”

“बर्फातून? अंधारात?”

“प्रत्येक गोष्टीत खोट काढायची तुला सवयच आहे. माझ्यामुळे युरोप बघितलास, हे विसरू नकोस.”

शिरीष हसला. कीर्तीनं मान खाली घालून कोशिंबीर वाढून घेतली.

“मी नायमेखन सोडणार नाही,” सुमेधा म्हणाली.

“सोडलंस. परवा तुझ्या लॅपटॉपवरून रोव्हानिएमीला होकार कळवलाय. इथला राजीनामाही पाठवलाय. भाषा अगदी तुझी वाटते, काळजी करू नकोस.”

शिरीषचं हसू तोंडातच राहिलं.

सुमेधानं वड्यांच्या तेलाखालची शेगडी बंद केली. लॅपटॉप पिशवीत घातला, कोट चढवला.

“कुठे निघालीस? पाहुणे बसलेत, सुमेधा!”

तिनं बूट घातले, दार उघडलं आणि बाहेर पडली.