प्रार्थनेशिवायचा नाताळ

आमच्या चर्चच्या महिला मंडळात मी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. माझ्या खिचडीत मीठ कमी पडतं आणि माझी प्रार्थना लांबते. आमच्यात प्रार्थना पुस्तकातून वाचत नाहीत. ज्याला सांगितलं त्याने डोळे मिटायचे आणि सुचेल ते देवाशी बोलायचं. मला सुचतंही भरपूर. यजमान म्हणतात, तुझं आमेन होईपर्यंत दुर्गची पॅसेंजर पावर हाउस स्टेशनला येऊन पोचते.

दर डिसेंबरात, नाताळच्या आधी, आम्ही आठ-दहा जणी मरोद्याच्या पलीकडच्या झोपड्यांत जातो. तिथे ठेक्यावर काम करणारी माणसं राहतात. पातेलंभर खिचडी, ब्लँकेटं, करंज्या, एखादं गाणं, आणि घरात कोणी आजारी असेल तर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना. आमच्या पत्रकावर ‘आशा वाटू या’ असं छापलेलं असतं. छापायला काय जातं!

त्या वर्षी मात्र सगळ्याच घाबरलेल्या होत्या. शेजारच्या एका गावात असंच एक मंडळ गेलं असताना काही लोकांनी त्यांना घेरलं, धर्मांतर करता म्हणून व्हिडिओ काढले आणि बायकांना संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. चर्चचे सेक्रेटरी म्हणजे स्टील प्लांटमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले काका. त्यांनी नियमच करून टाकला. गाणं नाही, प्रार्थना नाही, येशूचं नाव नाही. प्रार्थना मनात करा, म्हणाले, मनातलं मोबाईलमध्ये येत नाही. शिवाय एक कागद तयार केला: ‘आमच्याशी कोणी धर्माबद्दल बोललं नाही.’ ब्लँकेट देताना त्यावर अंगठा घ्यायचा. सगळ्यात आधी मान मीच हलवली. मी सरकारी शाळेत शिकवते. मला नोकरीची भीती होती, उगाच खोटं कशाला बोलू?

शेवटून दुसऱ्या झोपडीत गोंदियाकडचं एक जोडपं राहायचं. नवरा वर्षानुवर्षं सिमेंटची पोती उतरवायचा. आदल्या वर्षी त्याला नुसता खोकला होता. आता तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि त्याचा श्वास दाराबाहेर ऐकू येत होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मी त्याच्या बायकोचा अंगठा घेतला, ब्लँकेट दिलं. तिने ते खाटेवर ठेवलं आणि नवऱ्याला जरा सरळ केलं.

“मांगच्या वर्षी तुमी यायच्या डोक्यावर हात ठेवून बोलल्या होत्या,” ती म्हणाली. “त्या राती हे झोपले होते. तसंच बोलून द्या न ताई.”

मी बाहेर पाहिलं. समोरच्या टपरीवर दोन माणसं उभी होती, एकाच्या हातात मोबाईल. आजकाल कोणाच्या हातात नसतो? पण मला तेवढं पुरलं. मी म्हटलं, यंदा मोठ्याने करायची मनाई आहे, मी मनात करते.

“मनात केली तर यायले कशी ऐकू येईन?”

मी ब्लँकेट त्याच्या पायावर ओढलं आणि पुढच्या घरी गेले. खरं सांगते, मनातही केली नाही.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये पाळकांनी देवदूत मेंढपाळांना ‘भिऊ नका’ म्हणतो तो भाग वाचला. दरवर्षीच वाचतात. या वेळी मला तिथे बसवेना. भक्ती संपताच नवी साडी नेसलेली तशीच मी ऑटोने मरोद्याला गेले. काकांना सांगितलं नाही. ठाण्यात बसवलं तर बसवू देत, असं वाटेभर स्वतःला बजावत होते.

दाराशी खाट उभी करून ठेवली होती. ती पाहूनच कळलं.

त्याची बायको आत सुपात तांदूळ निवडत बसली होती. परवा पहाटे गेले, म्हणाली. मी माफी मागायला लागले तर तिने बसायला पोतं सरकवलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“लय तडफडले,” ती म्हणाली. “मंग मीच हात ठेवला. तुमचं होतं तेच बोलली. ‘देवा, हा माणूस थकला आहे. याले भुईवर ठेवू नको, हातावर घे.’ तितलंच आठवलं. पुढं अटकली.”

ते शब्द माझे होते म्हणे. मला त्यातला एकही ओळखू आला नाही. आदल्या वर्षी त्या वस्तीत मी पंधरा-वीस घरी तरी बोलले असेन.

“पुढचं काय होतं, ताई?” तिने विचारलं.

“मला आठवत नाही,” मी म्हणाले.